बारा व्होल्टांची पुंजी

गाडीच्या गिअरपुढे, कप ठेवायच्या खाचेच्या आसपास, एक काळं गोल झाकण असतं. त्यावर 12 व्होल्ट, 120 वॉट असं कोरलेलं असतं. काळ्यावर काळं, त्यामुळे गाडीचे हप्ते फिटेपर्यंत ते कुणी वाचत नाही. गाडीत इन्व्हर्टर वापरताना लागणारं निम्मं शहाणपण खरं तर तेवढ्या दोन आकड्यांत आहे.

ते भोक मुळात सिगारेट पेटवण्यासाठी केलेलं. लायटर आत दाबायचा, त्यातली तारेची गुंडाळी काही सेकंदांत लालबुंद व्हायची आणि लायटर टक् करून आपला आपण बाहेर यायचा. करंट दणकून, पण घटकाभरही नाही. पुढे लायटर गेले, भोक राहिलं, आणि आपण त्यात तासन्‌तास मोबाइल, हवेचा पंप, व्हॅक्यूम क्लीनर आणि इन्व्हर्टर खुपसायला लागलो. आत तळाशी एक टिकली असते आणि बाजूला पत्रा. प्लगचं स्प्रिंगवालं नाक आणि बाजूच्या पट्ट्या त्यांना नुसत्या टेकलेल्या असतात. घट्ट आवळलेला स्क्रू कुठेच नाही. रस्ता खड्ड्यांचा असला की प्लग हलतो, टेकणं सैल होतं, आणि जिथे सैल तिथे गरम. म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी प्लगच्या बाहेरच्या प्लास्टिकला बोट लावून बघायची सवय चांगली. कोमट असेल तर चालू द्यावं. हात मागे घ्यावा लागला तर इन्व्हर्टर बंद करावा, मग त्याच्यावर कितीही वॉटचा आकडा छापलेला असो.

आता इन्व्हर्टर. तो 12 व्होल्टचे 230 करतो म्हटल्यावर ऐकणाऱ्याला वाटतं, वीज वाढली. वीज वाढत नाही, नुसती वेगळ्या मापात येते, आणि येताना दहा-पंधरा टक्के उष्णतेत जाते. म्हणूनच त्याला पंखा असतो. आतल्या मॉस्फेटांच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचांच्या, जोड्या बॅटरीचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, छोटा ट्रान्सफॉर्मर तो चढवतो, तीनशेच्या वर व्होल्टचा डीसी तयार होतो, आणि त्यातून पुन्हा घरच्यासारखा 50 हर्ट्झचा एसी, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होणारा करंट, काढला जातो. हिशेब मात्र शाळेतलाच: वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. 100 वॉटला घरी अर्ध्या अँपिअरहून कमी लागतो. तेच 100 वॉट 12 व्होल्टच्या बॅटरीतून काढायचे तर आठाच्या वर, आणि गळती धरली तर नऊ-दहा अँपिअर. म्हणजे वीसएक पट करंट. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, तेव्हा त्याच तारेत ती साडेतीनशे पटीच्याही पुढे जाते. आपण घाबरतो 230 ला, आणि ते योग्यच आहे, त्याने माणूस मरतो. पण गाड्या पेटतात त्या बहुतेक दुसऱ्या बाजूने, ‘बाराच तर व्होल्ट आहेत’ म्हणून दुर्लक्षलेल्या बाजूने.

माझ्या वहिनीला गणपतीला गावी जाताना माणगावच्या ट्रॅफिकमध्ये गाडीतच चहा करायचा होता. तिने त्यासाठी विजेची किटली घेतली, 1500 वॉटची. माणगावात अडकलेल्या माणसाची चहाची तल्लफ मला पूर्ण मान्य आहे. पण 1500 वॉट म्हणजे बॅटरीकडून 125 अँपिअर, गळतीसकट 140 च्या घरात. सॉकेटची फ्यूज 10, 15, फार तर 20 अँपिअरची. ती क्षणात उडणार, आणि उडाली तर नशीब. खरी भीती ‘उडते म्हणून मोठी फ्यूज घाला’ सांगणाऱ्याची. फ्यूज ही मागच्या तारेची राखण करायला असते. ती मोठी केली की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी डॅशबोर्डमागची तार वितळते. वहिनीला हे पटलं. तिने थर्मास घेतला. किटली अजून खोक्यात आहे.

3 जून 2020 ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, आणि श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा झोपवून गेलं. कौलं उडाली, पत्रे उडाले, विजेचे खांब शेतात आडवे झाले. बऱ्याच गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. वर लॉकडाउन. माझं आजोळ दापोली तालुक्यात, समुद्रापासून दोन टेकड्या आत. मामेभाऊ, म्हणजे दादा, सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, चढला की कधी रेंज मिळायची, कधी नाही. तिथून त्याने आईला फोन केला तेव्हा घर, झाडं, गोठा यांच्याबद्दल एकेक वाक्य झालं आणि मग तो म्हणाला, “बाबांचं मशीन चालत नाहीये.”

मामाला दमा आहे. मशीन म्हणजे नेब्युलायझर, वाफेसारखं औषध ओढायचं ते. पावसाळ्याच्या तोंडावर, ओल्या भिंतींच्या घरात, त्याला ते दिवसातून दोनदा तरी लागतंच. दादाकडे गाडी होती. मोबाइल चार्ज करायचा 100-150 वॉटचा छोटा इन्व्हर्टरही होता, सॉकेटमध्ये खुपसायचा. त्यावर मशीन लावलं की ते घरघर करायचं, निम्म्या जोरावर चालायचं आणि मग इन्व्हर्टर शिटी मारून गप्प व्हायचा.

पुण्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरला अजून डायनामो म्हणतात. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी मशीनच्या मागच्या पट्टीचा फोटो मागवायला सांगितला. दादाने पुन्हा सडा चढून तो पाठवला. 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, 140 व्हीए. व्हीए म्हणजे इथे ढोबळमानाने वॉटच धरा.

“ताई, यात मोटर आहे,” ते म्हणाले. “मोटर उठताना दुप्पट-तिप्पट मागते. आणि त्या डबीतून येणारी लाइट पायरी-पायरीची असते. मोबाइलला चालते, मोटरला नाही मानवत. गुरगुरते, तापते. प्युअर साइन घ्या, घरच्या लाइटसारखी गुळगुळीत लाट देणारा, 300 वॉटचा. आणि तो लायटरला लावायचा नाही. डायरेक्ट बॅटरीवर.”

मी म्हटलं, मग 1000 चाच घेऊ का, पुढेमागे उपयोगी पडेल.

“कशाला? बॅटरी काय 1000 ची आहे का?”

गाडीच्या इन्व्हर्टरबद्दल मी नंतर बरंच वाचलं. याहून कामाचं वाक्य काही सापडलं नाही. दुकानात खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात जो आकडा असतो तो पुष्कळदा क्षणभराच्या उसळीचा असतो, सतत चालण्याचा आकडा बाजूला बारीक अक्षरात, त्याच्या निम्मा. आणि तोही खरा ठरायचा तर पलीकडे तेवढी बॅटरी, तेवढी तार, तेवढी फ्यूज लागते. माझं स्पष्ट मत आहे की साध्या गाडीत 300 वॉटच्या वरचा इन्व्हर्टर म्हणजे विकत घेतलेला मोह. तो आहे म्हणून माणूस इस्त्री लावून बघतो.

त्यांनी तयार करून दिलेल्या वायरी मी लॉकडाउनमधला प्रवासाचा ई-पास काढून गावी गेले तेव्हा घेऊन गेले. 6 स्क्वेअर एमएमची तांब्याची लाल आणि काळी वायर, जेमतेम दीड हात लांब. एका टोकाला लग, म्हणजे स्क्रूखाली आवळायचे धातूचे तुकडे, दाबून बसवलेले, दुसऱ्या टोकाला भक्कम चिमटे. लाल वायरीवर, चिमट्यापासून वीतभर अंतरावर, 40 अँपिअरची फ्यूज. फ्यूज बॅटरीच्या जवळच का, तर वायर मध्ये कुठेही पत्र्याला घासून शॉर्ट झाली तरी त्या जागेच्या अलीकडे फ्यूज हवी. इन्व्हर्टरच्या पोटात फ्यूज असते, पण ती इन्व्हर्टरपुरती. वायरीला तिचा काही उपयोग नाही. आणि वायर आखूड का, हे तर वरच्या हिशेबातच आलं. लांबवायचीच असेल तर 230 ची बाजू लांबवावी, तिथे करंट थोडा असतो.

आता मामाच्या घरची मांडणी सांगते, कारण बारकावे सगळे तिथे आहेत. गाडीचं तोंड पडवीकडे केलं, इतकं जवळ की बॉनेट वळचणीखाली येईल आणि पागोळ्या त्यावर पडणार नाहीत. सायलेन्सर साहजिकच अंगणाच्या बाजूला गेला. बॉनेटला लागून एक लाकडी स्टूल, त्यावर इन्व्हर्टर, चारी बाजूंनी मोकळा. मामीने पावसाचे शिंतोडे नकोत म्हणून त्यावर फडकं टाकलं होतं, ते आधी काढलं. पंख्याची वाट बंद केली तर तो शिंतोड्यांवाचूनच जळेल. मग लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला आणि काळा बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. शेवटचा चिमटा लागताना इन्व्हर्टरच्या आतले कपॅसिटर भरतात, त्यामुळे बारीक ठिणगी उडते. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ती ठिणगी तिच्या डोक्यावर नको. लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर इन्व्हर्टर तिथल्या तिथे मरू शकतो. मग इन्व्हर्टरचं बटण, हिरवा दिवा, आणि त्यानंतरच मशीनचं बटण. उलट क्रमाने केलं तर मोटरची उसळी उठता-उठताच इन्व्हर्टरवर आदळते.

पडवीतल्या आरामखुर्चीत मामा मास्क लावून बसला. मशीन घरच्यासारखं चाललं, घरघर नाही, गुरगुर नाही. शेजारची दोन मुलं बघायला आली होती. त्यातल्या एकाने विचारलं, “काका, गाडी बंद आहे तरी?”

गाडी बंदच ठेवायची होती. मी निघताना सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी उतरेल. पण दमेकऱ्याला औषध द्यायचं आणि शेजारी इंजिन धुरवत ठेवायचं, यात कुठला शहाणपणा? हिशेब केला. 140 व्हीएचं मशीन इन्व्हर्टरमार्गे बॅटरीकडून चौदाएक अँपिअर ओढणार. औषधाला लागणारी दहा मिनिटं म्हणजे तासाचा सहावा भाग, म्हणजे अँपिअर गुणिले तास केले तर सव्वादोन-अडीच अँपिअर-अवर. दादाच्या गाडीची बॅटरी 35 अँपिअर-अवरची. तिला ते कळतही नाही. औषध संपलं, मामा आत गेला, की चिमटे काढायचे, गाडी अंगणात मागे घ्यायची आणि मग तिथे ती चालू ठेवायची किंवा गावात चक्कर मारून आणायची. मामीला दळणाला जायचंच असायचं.

इंजिन चालू ठेवण्याबद्दल एक गोष्ट जरा ठासून सांगायला हवी. पेट्रोल किंवा डिझेल जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. जो वास येतो तो इतर धुराचा, आणि तो नाही म्हणजे धोका नाही असं नसतं. बंद गॅरेज, तळघरातलं पार्किंग, ताडपत्रीने बंद केलेली शेड, पाण्यात सायलेन्सर बुडालेली गाडी, अशा जागी इंजिन चालू ठेवून आत झोपणं म्हणजे जिवाशी खेळ. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं, आणि गाडीत झोपलेल्या माणसाला ती प्रवासाचा शीण वाटतात. लॅपटॉप चालावा म्हणून इंजिन, इंजिन आहे म्हणून एसी, एसी आहे म्हणून काचा बंद, ही साखळी फार सहज तयार होते.

आणि इंजिन बंद ठेवून लांबचं काम काढायचं, तर बॅटरीचा स्वभाव माहीत हवा. गाडीची बॅटरी स्टार्टरसाठी बनलेली असते. शिशाच्या पातळ पातळ पुष्कळ प्लेटा, दोन सेकंद शे-दोनशे अँपिअर द्यायचे की झालं, पुढे डायनामो भरून काढतो. तिला हळूहळू तळापर्यंत उपसणं मानवत नाही. घरच्या इन्व्हर्टरची जाड प्लेटांची बॅटरी वेगळी, ती उपसायलाच केलेली. गाडीची बॅटरी निवांत असताना 12.6 व्होल्ट दाखवते तेव्हा भरलेली, 12.2 च्या आसपास अर्धी. मी अर्ध्याखाली जात नाही. 60 वॉटचा लॅपटॉप इन्व्हर्टरवरून सहा अँपिअर ओढत असेल, तर 35 च्या बॅटरीत तीन तासही नाहीत. बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी.

लोक म्हणतात, इन्व्हर्टर आपोआप बंद होतो की! होतो. बहुतेक इन्व्हर्टर 11 च्या आसपास शिटी मारतात आणि 10.5 ला बंद होतात. पण तो आकडा इन्व्हर्टरच्या सोयीचा आहे. तो बंद पडला तेव्हा त्याचं काम संपलेलं असतं, आणि सकाळी चावी फिरवल्यावर नुसतं कट्-कट् करणं तुमच्या वाट्याला येतं. गिअरवाली गाडी उतारावर असेल तर धक्का मारून होईलही चालू. ऑटोमॅटिक असेल तर शेजाऱ्याची गाडी आणि जंपर केबल शोधा. शिवाय काही गाड्यांत चावी काढली तरी ते सॉकेट चालूच राहतं, आणि इन्व्हर्टर काहीही न लावता नुसता चालू राहिला तरी थोडा करंट खातो. रात्री प्लग उपसून ठेवलेला बरा.

वाडीतले लोक संध्याकाळी मोबाइल घेऊन यायचे. फोन लागत नव्हतेच, त्यांना बॅटरी हवी होती टॉर्चसाठी. त्याला दादाची जुनी छोटी डबीच कामाला आली: सॉकेटात डबी, डबीला एक्स्टेंशन बोर्ड, बोर्डावर सात-आठ चार्जर. प्रत्येकी दहाएक वॉट धरा, 80 च्या आत बसतं. त्यात कुणीतरी एलईडी टीव्ही आणायची गोष्ट काढली आणि एका शेजाऱ्याने त्याहून मोठी. म्हणाला, दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करू, एक टोक इन्व्हर्टरमध्ये, एक घरच्या पॉइंटमध्ये, म्हणजे घरातले दिवेच लागतील सगळे.

मामा एरवी कुणाला तोडून बोलत नाही. त्या दिवशी बोलला. “खांबावर माणूस चढलाय तो दिसत नाही का तुला?”

खालच्या शेतात महावितरणची माणसं खांब उभे करत होती. दोन्हीकडे पिन असलेल्या वायरीचं एक टोक लावलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांवर 230 व्होल्ट, हा पहिला धोका. दुसरा मोठा. मेन स्विच पाडला नसेल तर ती वीज घराबाहेर लाइनवर जाते. ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. खालून 230 दिले तर तो वर 11 हजार करायला बघतो. छोटा इन्व्हर्टर एवढ्या ओझ्याखाली लगेच मान टाकेल, पण लाइनवर हात असलेल्या माणसासाठी ‘लगेच’ पुरेसं नाही. आणि जनरेटर असेल तर तो मानही टाकणार नाही. वायरमन बंद लाइनवर काम करतोय, या विश्वासावर तो वर चढलेला असतो. घराला बाहेरून वीज द्यायचीच तर बाहेरची लाइन तोडूनच दुसरी वीज जोडणारा चेंजओव्हर स्विच बसवून, जाणत्याच्या हातून. एरवी बोर्डावर जेवढं लागतं तेवढंच लावावं.

त्या बोर्डाचीही एक खोड आहे. इन्व्हर्टरच्या पॉइंटला तिसरं भोक असतं, पण गाडी रबरी टायरांवर, त्या भोकाचं जमिनीशी घरच्यासारखं नातं नाही. अनेक स्वस्त इन्व्हर्टरांत टेस्टर लावला तर दोन्ही भोकांत लुकलुकतो, फेज-न्यूट्रल असं काही वेगळं काढलेलंच नसतं. घरी ईएलसीबी असला तर माणसाला शॉक बसायला लागला की तो झटकन पडतो. इथे ती राखण धरून चालू नये. म्हणजे फुटकी पिन, सोललेली वायर, ओल्या अंगणातून नेलेलं एक्स्टेंशन, ओले हात, हे घरी जितकं वाईट त्याहून इथे वाईट. मुलांना मागच्या सीटवर बसवून मधोमध 230 चा पॉइंट उघडा ठेवणं मला बघवत नाही. चालत्या गाडीत तर तो डबा सीटखालच्या गालिच्यावर, बॅगांमध्ये चेपून, किंवा डॅशबोर्डवर सुटा ठेवू नये. उन्हात बंद गाडी आधीच भट्टी झालेली असते, आणि जोराचा ब्रेक लागला तर सुटा डबा माणसाला लागतो. बॉनेटखाली कायमचा बसवून घेणारे महाभागही आहेत. त्यांच्याबद्दल काय बोलायचं.

वादळानंतर वर्षभरात, मे 2021 मध्ये, तौक्ते आलं. किनारा धरून गुजरातकडे गेलं, पण जाता-जाता रत्नागिरी-सिंधुदुर्गाला पुन्हा अंधारात घालून गेलं. तोवर मामाकडे हातात मावणारा, बॅटरीवरचा मेश नेब्युलायझर आला होता. गाडीच्या साध्या यूएसबी चार्जरवर तो भरतो, 230 चा काही संबंधच नाही. लॅपटॉपचंही आता तेच. टाइप-सीचा 65 वॉटचा कार चार्जर मिळतो, तो 12 चे थेट 20 व्होल्ट करून देतो. इन्व्हर्टरने 12 चे 230 करायचे आणि लॅपटॉपच्या अडॅप्टरने 230 चे परत 20 करायचे, या दोन्ही उड्यांत वीज सांडतेच. माझ्या डिकीत 300 वॉटचा तो डबा आणि इलेक्ट्रिशियनने केलेल्या वायरी आहेत, पण वर्षातून फार तर एखाद्या वेळी निघतात.

दादाने आता विजेवरची गाडी घ्यायचं मनावर घेतलंय, आणि त्याचं कारण मायलेज नाही. काही इलेक्ट्रिक गाड्यांत गाडीच्या मोठ्या बॅटरीतून घरच्या वस्तू चालवायची सोय कंपनीच देते, त्याला व्हीटूएल म्हणतात. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीमध्ये 3.3 केव्हीएपर्यंत, म्हणजे 3300 व्हीए, ह्युंदाईच्या आयोनिक 5 मध्ये 3.6 किलोवॉट. तिथे पुंजी 35 अँपिअर-अवरची नाही, पाच-सहा दिवस काटकसरीने घर चालेल एवढी असते, आणि तार, फ्यूज, कटऑफ सगळं कारखान्यातूनच मापात आलेलं. लाइट नसली की कोकणात आधी पाण्याचे हाल होतात. निसर्गनंतर मामी पुन्हा दोर-कळशी घेऊन विहिरीवर उभी राहिली होती. दादाला त्या गाडीवर विहिरीवरचा पंप चालवायचाय. पंप एक हॉर्सपॉवरचा, म्हणजे 746 वॉट, कागदावर आरामात बसतो. पण पंपाची मोटर उठताना पाच-सहा पटही मागू शकते, आणि 3.3 केव्हीए तिथे मान टाकेल की काय, हा आमच्यात सध्या चाललेला वाद आहे. मी गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनना विचारलं. त्यांनी गाडीचं नावही विचारलं नाही. म्हणाले, पंपाच्या पट्टीचा फोटो मागवा.